नंतर नावाच्या गावाबद्दल

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पत्रांच्या पानावर दर थोड्या दिवसांनी एक पत्र ठरलेलं असतं, की आताच्या मुलांना कल्पनाशक्तीच उरली नाही, सगळी मोबाइलने खाल्ली. मला त्यावर वाद घालायचा नाहीये, मला फक्त एका गावाबद्दल सांगायचंय आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणी आहे, तेव्हा पत्र कापायचं झालं तर मधलं कापा, शेवट ठेवा. गावाचं नाव नंतर. म्हणजे नाव नंतर सांगते असं नाही हो, गावाचंच नाव 'नंतर' आहे. समुद्राकाठी आहे. नकाशात शोधू नका, कारण ते पाच मुलांनी माझ्या टेबलाभोवती बसून बनवलंय, त्यातला सगळ्यात लहान १३ वर्षांचा आणि सगळ्यात मोठी १६ ची.

रोलप्लेइंग गेम म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: भातुकलीच असते, फक्त तिला नियम आणि फासे असतात. एक जण गेम मास्टर, तो आजूबाजूचं जग सांगतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात आणि मी दार ढकलतो, मी तिला खोटं सांगते असं बोलत बोलत गोष्ट पुढे नेतात, आणि जिथे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. हार-जीत नाही. यातला बाजारात आलेला पहिला गेम डन्जन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, त्यात तळघरं, राक्षस, तलवारी असा मामला. पुढे ५० वर्षांत त्याला इतक्या फांद्या फुटल्या की आता नुसती शाळकरी मुलं, त्यांचं छोटं गाव आणि गावात काहीतरी बिनसलंय एवढ्यावर चालणारे गेमही आहेत. आम्ही खेळतो तो त्या जातीचा. मी गेम मास्टर, मुलं मला मावशी म्हणतात.

पहिल्या खेपेला मी काय केलं ते आधी कबूल करते. गाव मी स्वतःच बनवून आणलं होतं, २२ पानं, गावाचा इतिहास, बंदर कधी बांधलं, कोण कोणाचा मेहुणा, सगळं. मला भयंकर अभिमान वाटत होता त्या पानांचा. मुलं आली, बसली, मी वाचून दाखवलं, त्यांनी ऐकलं, छान आहे म्हणाली, आणि मग तीन तास ती त्या गावात पाहुण्यांसारखी वावरली. कुठल्या गल्लीत जायचं तरी माझ्या तोंडाकडे बघायची. पाहुणा जसा विचारतो ना, पंखा लावू का, तसं. घरी राहणारा माणूस विचारत नाही, तो उठतो आणि लावतो.

दुसऱ्या खेपेला मी ती २२ पानं कपाटात टाकली आणि टेबलावर एक मोठा कोरा कागद ठेवला, त्यावर एक वाकडीतिकडी रेघ, रेघेच्या या बाजूला जमीन, त्या बाजूला पाणी. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं 'नाव: नंतर'. म्हणजे नाव सगळ्यात शेवटी ठरवू, आधी ठरवलं की सगळं त्या नावासारखंच व्हायला लागतं, काळखाडी म्हटलं की लगेच भुतं. तर तासाभराने कोणीतरी म्हणालं की नंतरच्या बंदरावर आपण भेटू, आणि सगळे हसले, आणि मग ते तसंच राहिलं. आता तिथल्या लोकांना नंतरकर म्हणतात. नंतरला जाणारी शेवटची बस संध्याकाळी असते आणि ती चुकली की लोक म्हणतात, नंतर नंतर. असले पाचकळ जोक एक महिना चालू होते, मी सगळे सहन केले.

समुद्रकाठच का, डोंगरातलं गाव का नाही, असं मला एका आईने विचारलं होतं. एक तर समुद्र असला की गावाला एक बाजू आयती मिळते, तिकडे पळून जाता येत नाही आणि जे काही यायचं ते मात्र तिकडूनच येतं, माणूस, ओंडका, बाटली, वादळ. पण खरं कारण म्हणजे भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे गावात एक असं घड्याळ आहे जे भिंतीवरच्या घड्याळाशी कधीच जुळत नाही. हे मी मुलांना सांगितलं आणि बाजूला झाले.

त्यावर एका मुलीने शाळा उचलून पाण्यातल्या खडकावर नेऊन ठेवली. तिला बहुतेक शाळा शक्य तितकी लांब हवी होती, दुसरं काही नाही. खडकापर्यंत वाळूची एक पट्टी, ती फक्त ओहोटीला उघडी पडते. मग सोळावालीने कागद ओढला आणि हिशोब मांडला, की पौर्णिमेला ओहोटी सकाळी १० ला धरली तर उद्या १०.५०, आठवड्याने दुपारी ४ च्या जवळ, आणि पंधरा दिवसांनी दुसरी ओहोटी परत सकाळी दहाच्या आसपास येऊन बसते, म्हणजे शाळेचं टाइमटेबल रोज सरकतं आणि पंधरवड्याला वर्तुळ पूर्ण होतं. मी म्हटलं अजून एक गोष्ट, पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि उतरतंही जास्त, पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढही कमी आणि उतारही कमी. दोन मिनिटं शांतता, आणि मग तेरावाला ओरडलाच, म्हणजे तेव्हा पट्टी उघडीच पडणार नाही! आणि बघा, ते दिवस नेमके तेच निघाले, ज्या दिवसांत शाळा चार वाजता भरायची होती. तर नंतर गावात आता भांगाची सुट्टी असते, दर पंधरवड्याला दोन-तीन दिवस, आणि ती कोणी दिलेली नाही, चंद्राने दिलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकात ही भरतीची आकृती सगळ्यांनीच काढलेली असते, मीही काढली होती, मार्कही मिळाले होते, पण त्या आकृतीतून कोणाला सुट्टी मिळालेली मी पहिल्यांदा पाहिली.

आता पद्धत सांगते, कारण कोणी करून बघायचं म्हटलं तर उपयोगी पडेल. 'गावात काय काय आहे?' हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला मुलं यादी देतात, बंदर, बाजार, हॉस्पिटल, संपलं. प्रश्न असा विचारायचा की त्यात आधीच एक पाय अडकलेला असेल: बंदरावरच्या कुठल्या घराकडे लोक बघायचं टाळतात? गावातलं कोण रोज भरतीच्या वेळी धक्क्यावर येऊन उभं राहतं आणि ते कोणाची वाट बघतंय असं लोकांना वाटतं? आणि आधीचं उत्तर ज्याने दिलं त्यालाच पुढचा प्रश्न नाही विचारायचा, शेजारच्याला विचारायचा. या सगळ्यात माझं स्वतःचं डोकं फार नाहीये, किड्स ऑन बाइक्स नावाचा २०१८ चा एक गेम आहे, त्यात सुरुवातीलाच सगळे मिळून गावाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि प्रत्येक जण एक अफवा टाकतो. द क्वायट इयर नावाच्या दुसऱ्या गेममध्ये पत्त्यांचा ५२ पानांचा कॅट घेऊन, दर पानाला एक आठवडा असं करत, एका वस्तीचं वर्ष खेळतात आणि खेळता खेळता मॅप काढतात. आम्ही दोन्हीकडून उचललंय आणि आपल्या सोयीने वाकवलंय.

अफवा हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण टाकणाऱ्यालाही माहीत नसतं की ती खरी निघेल की खोटी, आणि किशोरवयातली मुलं अफवांमध्ये एक्स्पर्ट असतात हे वेगळं सांगायला नको. नंतरचं दीपगृह असंच अफवेतून आलं. प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाची आपली एक लय असते, किती सेकंदांनी किती झपके, त्यावरूनच रात्री खलाशाला कळतं की हा दिवा कुठला, आपण कुठे आहोत. हे एका मुलाला आधीच माहीत होतं, कुठून ते देवाला ठाऊक. त्याने अफवा टाकली की आपलं दीपगृह दुसऱ्याच कुठल्यातरी गावाची लय दाखवतं. बास, एवढंच. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे इतकी वर्षं जहाजं इथे येतायत ती दुसऱ्या गावाला आलोय असं समजून, आणि ते दुसरं गाव कुठे गेलं? माझ्या २२ पानांत असं एकही वाक्य नव्हतं.

मग सोळावालीने त्यावर आणखी एक चढवलं, की समोर समुद्रात एक सपाट बेट आहे पण ते फक्त दीपगृहावरूनच दिसतं. बाकीचे म्हणाले असं कसं, समुद्र तर सपाट असतो. मग पुन्हा हिशोब: काठावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं, पृथ्वी गोल असल्यामुळे, आणि ३० मीटर उंचीवरून तेच २० किलोमीटरच्या आसपास जातं. बेट १२ किलोमीटरवर ठेवलं. आता अख्ख्या गावात ते बेट बघितलेला एकच माणूस आहे, दिवा सांभाळणारा, आणि तो कोणाशी बोलत नाही.

हे सगळं गोड गोड वाचून तुम्हाला वाटेल की बाईंनी फार छान चालवलंय, तर आता माझी चूक ऐका, पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

पाचांत एक मुलगा आहे जो फार बोलत नाही. तिसऱ्या सेशनला त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, या गावात कोणालाच पोहता येत नाही, शिकवतच नाहीत. बाकीचे हसले, समुद्राकाठचं गाव आणि पोहता येत नाही म्हणे, आणि मीही, मी मोठी, मी गेम मास्टर, मी काय म्हणाले, तर "म्हणजे थोडंफार तर येतच असेल ना रे काही जणांना." तो म्हणाला, "चालेल." त्यानंतर दोन सेशन तो सगळ्यालाच चालेल म्हणत होता. इकडे जाऊ या? चालेल. तू काय करतोस? काहीही, चालेल. मला कळायला वेळ लागला, कारण चालेल हा शब्द ऐकायला इतका गुणी वाटतो. मी त्याचं गाव दुरुस्त केलं होतं, म्हणजे ते त्याचं राहिलं नव्हतं.

सहाव्या सेशनच्या सुरुवातीला मी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं, मॅपच्या कडेला शाईने लिहिलं 'नंतरमध्ये कोणालाही पोहता येत नाही, कोणालाही म्हणजे कोणालाही' आणि विचारलं, का रे? तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, कारण ज्याला पोहता येतं तो पाण्यात जातो आणि ज्याला येत नाही तो होडी नीट बांधतो. मी उडालेच. दोन सेशननंतर एका कॅरेक्टरचा पाय धक्क्यावरच्या शेवाळावरून घसरला, भरती चढत होती, फासा वाईट पडला, आणि पाचही जणांच्या एकाच वेळी लक्षात आलं की आपल्यापैकी कोणीही उडी मारू शकत नाही. मग जाळं, दोर, फळी, आरडाओरडा, शाळेची घंटा काढून वाजवणं, पाऊण तास चालला तो प्रसंग आणि त्यात सगळ्यात जास्त बोलला तो हाच.

तर आमच्याकडे आता एकच कडक नियम आहे: जो जे बोलला ते गावात खरं. मोठ्या माणसाने दुरुस्त करायचं नाही, जास्तीत जास्त 'का?' विचारायचं. पाण्याचे नियम मी सांगू शकते, माणसांचे नाही. दोघांचं एकमेकांशी पटलं नाही तर मतदान घेत नाही, घेऊन बघितलं, जो हरतो त्याच्यासाठी गावाचा तेवढा भाग मेला, तो तिकडे पुन्हा जातच नाही. एकदा असंच झालं, एक म्हणाली बंदराने गावाचं भलं झालं, दुसरा म्हणाला वाटोळं झालं, दोघंही पेटलेले. मी एवढंच सांगितलं की समुद्रात दगडी बांध घातला की काठालगत वाहणारी वाळू एका बाजूला साठत जाते आणि पलीकडची बाजू हळूहळू झिजते. मग काय, दोघांनी मधोमध बांध काढला, एका बाजूला पुळण वर्षागणिक रुंद होतेय, दुसऱ्या बाजूला घरांची अंगणं पाण्यात जातायत, आणि दोघांचं म्हणणं खरं. त्या दोन आळ्यांचं भांडण हाच आता आमचा अर्धा गेम आहे.

एक सिरीयस गोष्ट मध्येच सांगून टाकते. या वयाच्या मुलांबरोबर असलं काही खेळायचं तर टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड असायलाच हवं. ही आयडिया जॉन स्टॅव्हरोपोलस याची, जगभर वापरतात. काही नकोसं आलं की कार्डाला हात लावायचा, तो विषय तिथे संपतो, कारण द्यायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. समुद्र म्हटला की बुडणं येतं आणि कोणाच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसत नसतं, त्यामुळे मी ते आधीच एकेकट्याला विचारून घेतलं होतं. तरी कार्डाला एकदा हात लागला, दुसऱ्याच कशावरून तरी. कशावरून ते मला आजही कळलेलं नाही आणि मी विचारणार नाही.

आणि हो, मोबाइल. एक दिवस एकाने मोबाइलवर एआयकडून अख्खं गाव बनवून आणलं, मिनिटभरात, आमच्या गावाला जोड म्हणून. सगळं होतं त्यात, गूढ दीपगृह, म्हातारा खलाशी, धुकं. मुलांनी वाचलं, ओके म्हणाली, आणि त्यात कोणी भांडलंच नाही. शेवटी त्यातला म्हातारा खलाशी तेवढा नंतरला राहायला आला, कारण तेरावाल्याला त्याची दया आली, की बिचाऱ्याला कोणीच बनवलेलं नाही.

यातून फायदा काय, असं आईवडील विचारतात. मार्क वाढतील का, स्टेज डेअरिंग येईल का. मी पूर्वी काहीतरी उत्तर द्यायचे, कम्युनिकेशन स्किल वगैरे, आता देत नाही. मुलांना यावंसं वाटतं, ती पाच वाजता येतात आणि आठ वाजता मी त्यांना अक्षरशः हाकलते.

आता मागणी. तुमच्या मुलांच्या पानावर शब्दकोडं असतं, फरक ओळखा असतं, चित्र रंगवा असतं, ते राहू द्या. पण एक कोपरा द्या. त्यात पहिल्या आठवड्यात फक्त एक वाकडी रेघ छापा, एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि एक प्रश्न. १८ च्या आतल्या कोणीही उत्तर पाठवायचं. जे उत्तर छापाल ते त्या गावात कायमचं खरं, पुढच्या आठवड्याचा प्रश्न त्यावरूनच निघणार, आणि मॅपमध्ये तेवढी भर पडणार. दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आली तर दोन्ही छापा, मग विचारा की गावात यावरून काय होतं. बक्षीस ठेवू नका प्लीज, बक्षीस आलं की मुलं परीक्षकांना आवडेल ते लिहितात, ही सवय त्यांना आम्हीच लावलेली आहे. शुद्धलेखन हवं तर सुधारा. उत्तर सुधारू नका, कितीही हात शिवशिवले तरी. आणि कोणाचं उत्तर फारच विचित्र वाटलं, की अहो असं कुठे असतं का, तर तेच आधी छापा. नाव कोपऱ्यात छोटं लिहा, पण 'नंतर' लिहू नका, ते आमचं आहे, पाच जणांची परवानगी लागेल आणि त्यातला एक सहज देणार नाही.

पहिला प्रश्न काय ठेवावा हे मी मुलांनाच विचारलं. चौघांनी चार दिले, त्यावर भांडणं झाली, ती इथे लिहीत नाही. कमी बोलणाऱ्याने जाताना चपला घालता घालता जो दिला तो पाठवतेय, पटला तर घ्या: गावातली एक होडी गेली कित्येक वर्षं पाण्यात उतरवलेली नाही, तरी तिला दर वर्षी नवा रंग देतात, तो कोण देतं?

आपली नम्र,
एक गेम मास्टर मावशी